संशोधन अनुदानातून धंद्याचा कोणता खर्च निघतो? कुपवाड-मिरजेच्या छोट्या उद्योजकांसाठी पायरी-पायरीने

कुपवाड एमआयडीसीत एखाद्याला नवं यंत्र सुचतं, चहाच्या गाड्यावर कुणीतरी सांगतं की स्टार्टअपला सरकार पन्नास लाख देतंय, आणि दोन दिवसांत खर्चाची यादी तयार होते. त्या यादीत शेडचं भाडं असतं, कॅश क्रेडिटचं व्याज असतं, एक नवं वेल्डिंग मशीन असतं, पुण्याच्या प्रदर्शनातला स्टॉल असतो. यंत्राचा नमुना करायला लागणारा खर्च शेवटच्या दोन ओळींत. असा अर्ज परत येतो तेव्हा दोष कल्पनेला दिला जातो. खरं तर निवड समितीने बऱ्याचदा कल्पनेपर्यंत वाचलेलंच नसतं, अंदाजपत्रकावरच पान मिटलेलं असतं.

नावीन्य आणि संशोधनाचं अनुदान धंद्याला मिळत नाही, प्रयोगाला मिळतं. ज्याचं उत्तर आज कुणाकडे नाही असा प्रश्न सोडवायला जो खर्च येतो, तेवढाच त्यातून निघतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीच्या पोटात आहेत.

पहिली पायरी : पैसा कोणत्या जातीचा आहे ते बघा

बातमीत ‘निधी’ लिहिलं म्हणजे अनुदान असतंच असं नाही. चहाच्या गाड्यावरच्या त्या पन्नास लाखांचंच बघा. २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेच्या नियमांत अनुदान २० लाखांपर्यंतच आहे, आणि तेही संकल्पना सिद्ध करणं, नमुना बनवणं किंवा उत्पादनाच्या चाचण्या घेणं एवढ्यासाठी. ५० लाखांपर्यंतची रक्कम बाजारात उतरण्यासाठी आणि धंदा वाढवण्यासाठी आहे, ती मात्र कर्ज किंवा परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या रूपात. म्हणजे ती फेडायची आहे किंवा तिच्या बदल्यात पुढे भागभांडवल द्यायचं आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था असलेल्या बायरॅकच्या बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटचे ५० लाख मात्र खरोखरीचं अनुदान आहे. मुदत १८ महिने, पण विषय जैवतंत्रज्ञानाच्या परिघातला हवा. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना १० लाखांपर्यंत देते, कल्पनेपासून चालत्या नमुन्यापर्यंत. यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू करणाऱ्या आपल्याकडच्या वर्कशॉपला हीच सगळ्यांत जवळची. शेतीशी संबंधित कल्पना असेल तर राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या स्टार्टअप कार्यक्रमात प्राथमिक टप्प्याला ५ लाख आणि पुढच्या टप्प्याला २५ लाखांपर्यंत तरतूद आहे, स्वतःचा हिस्सा घालून.

अनुदान ही पहिली जात, कर्ज ही दुसरी. टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत पैसे देतं, पण ते ५ टक्के सरळव्याजाचं कर्ज असतं. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन-विकास निधीतूनही अनुदान नाही, दीर्घ मुदतीची स्वस्त कर्जं आणि भांडवली गुंतवणूक आहे.

तिसरी जात यंत्रखरेदीच्या सबसिडीची. हळद दळायचं, पॅकिंगचं तयार यंत्र घ्यायचं असेल तर त्यात संशोधन काही नाही. त्यासाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची पीएमएफएमई योजना आहे, ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख, बँकेच्या कर्जाशी जोडलेली. जिल्हा उद्योग केंद्रातून जाणाऱ्या रोजगारनिर्मितीच्या योजनाही याच जातीच्या. ज्याला खरं तर यंत्रच हवंय त्याने ओढूनताणून ‘नावीन्य’ लिहू नये. सबसिडीचा रस्ता सरळ आहे आणि त्यात प्रयोगाचा अहवालही मागत नाहीत.

शेवटची जात आधी खर्च करा मग मागा, म्हणजे प्रतिपूर्ती. पेटंट-ट्रेडमार्कच्या बऱ्याच योजना अशा आहेत. त्यांच्याकडे पुढे येतोच.

दुसरी पायरी : प्रश्न दोन ओळींत लिहा

खर्चाआधी प्रश्न. समजा कुपवाडचे दोघं भागीदार तासगावच्या बेदाणा शेडसाठी काहीतरी करतायत. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात, शेडच्या सावलीत दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार होतो. मधेच आभाळ आलं, हवेतला ओलावा वाढला की माल काळवंडतो आणि सौद्यात भाव पडतो. यांची कल्पना अशी की रॅकच्या थरांत ओलावा मोजणारे सेन्सर बसवायचे आणि गरज असेल तिथलेच पंखे चालवायचे.

‘बेदाण्यासाठी आधुनिक यंत्र बनवणं’ हा प्रश्न झाला नाही. ‘थराथरातला ओलावा मोजून हवा खेळवली तर ढगाळ दिवसांतही रंग टिकतो का, आणि किलोमागे वीज किती लागते?’ हा प्रश्न झाला. याला उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं, म्हणूनच तो संशोधनाचा. हा प्रश्न कागदावर आला की सेन्सर, पंखे, द्राक्षं, प्रयोगशाळेची फी ही सगळी त्याच्यामागे आपोआप उभी राहतात, आणि प्रदर्शनाचा स्टॉल आपोआप बाहेर पडतो.

तिसरी पायरी : सगळा खर्च लिहा, मग चाळा

सुरुवातीला हात आखडू नका. वर्षभरात जे जे खर्च होणार ते सगळं लिहा, वीजबिलासकट. मग प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा.

हा प्रयोग नसता तरी हा खर्च झाला असता का? शेडचं भाडं झालं असतं, अकाउंटंटचा पगार झाला असता, कर्जाचा हप्ता तर नक्कीच. ते सगळं बाहेर.

हा खर्च मंजुरीच्या तारखेनंतर आणि प्रकल्पाची मुदत संपण्याआधी होणार आहे का? गेल्या दिवाळीत हौसेने केलेला पहिला नमुना कितीही चांगला असला तरी त्याचं बिल आता चालत नाही. तो पुरावा म्हणून जोडा, खर्च म्हणून नको. उलटंही ध्यानात ठेवा, मुदत संपल्यानंतरच्या तारखेचं बिल कुणी घेत नाही.

याचं पक्कं बिल माझ्या संस्थेच्या नावावर येईल का, आणि पैसे बँकेतून जातील का? फॅब्रिकेशनच्या कामात इथे अजून रोखीची सवय आहे. ‘बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा’ म्हणणारा फॅब्रिकेटर अनुदानाच्या कामाला उपयोगाचा नाही, काम कितीही सुबक करत असला तरी. शिवाय एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली की आयकराच्या हिशेबातही तो खर्च सहसा धरत नाहीत.

चौथी पायरी : एकेक हेड

अंदाजपत्रकातल्या हेडांची, म्हणजे खर्चाच्या गटांची, नावं योजनेनुसार थोडी बदलतात, गाभा तोच राहतो.

कच्चा माल आणि वापरून संपणाऱ्या वस्तू. हे हेड सगळ्यांत सुरक्षित. सेन्सर, केबल, पत्रा, अँगल, रसायनं, चाचणीसाठीची द्राक्षं, सगळं बसतं. अट एकच, प्रमाण प्रयोगाला साजेसं हवं. एका चाचणी-रॅकला पाचशे किलो द्राक्षं लागत असतील तर चार फेऱ्यांची दोन टन लिहा, वीस टन लिहिलीत तर समिती ओळखते की सीझनचा माल अनुदानातून निघतोय. आणि एक बारीक गोष्ट, जी अर्ज करताना कुणालाच सुचत नाही. दोन टन द्राक्षांतून चारास एक या हिशेबाने पाचशे किलोच्या आसपास बेदाणा निघणार. तो विकलात तर ती रक्कम प्रकल्पाची जमा म्हणून दाखवावी लागते. काय करायचं ते इन्क्युबेटरला, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या ज्या संस्थेमार्फत अनुदान येतं तिला, आधीच लेखी विचारून ठेवा.

फॅब्रिकेशन आणि जॉबवर्क. हेही बसतं. पण स्वतःचंच वर्कशॉप असेल तर घोळ होतो. स्वतःच स्वतःला नफ्यासकट बिल लावता येत नाही, फार तर लागलेल्या मालाचा आणि त्या कामावर लावलेल्या माणसाचा प्रत्यक्ष खर्च दाखवता येतो. भावाच्या किंवा मेहुण्याच्या फर्मकडून काम करून घेणार असाल तर नातं लपवू नका. तीन कोटेशन घ्या, त्यांचा दर सगळ्यांत कमी असेल तरच द्या आणि तसं नोंदवून ठेवा. सांगलीसारख्या गावात कोण कुणाचा कोण हे कळायला लेखापरीक्षकाला फार वेळ लागत नाही.

यंत्रसामग्री. इथे सर्वाधिक ओळी कापल्या जातात. प्रयोगाला लागणारं खास उपकरण, उदाहरणार्थ ओलावा मोजायचा मीटर किंवा मोजमापं आपोआप नोंदवणारा डेटा लॉगर, कारण दिलं तर मिळतं. लेथ, वेल्डिंग मशीन, जनरेटर, लॅपटॉप, मोबाइल, एसी या सर्वसाधारण वापराच्या वस्तू कापतात, कारण प्रयोग संपला तरी त्या धंद्यात राबत राहणार. सीड फंडाच्या नियमांत तर ही रक्कम कोणतीही सुविधा उभारण्यासाठी वापरायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. मोठं यंत्र महिना-दोन महिनेच लागणार असेल तर विकत घेण्याऐवजी वापराचं भाडं दाखवा. इंजिनिअरिंग कॉलेजची प्रयोगशाळा, इन्क्युबेटरची कार्यशाळा यांच्या वापराची फी कुणी फारशी अडवत नाही. शिवाय अनुदानातून घेतलेलं उपकरण पूर्णपणे तुमचं होत नाही. देणाऱ्याच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाही, त्याची नोंदवही ठेवावी लागते आणि काही योजनांत शेवटी ते इन्क्युबेटरकडे जमा होतं.

माणसं. प्रयोगासाठी, ठरावीक मुदतीसाठी घेतलेला सहायक बसतो. नेमणूकपत्र, हजेरी आणि बँकेतून दिलेला पगार, एवढं लागतं. तुमचा आधीपासूनचा पगारी वेल्डर पूर्णवेळ दाखवता येत नाही, जिथे परवानगी आहे तिथे त्याने प्रयोगावर दिलेल्या वेळेपुरता, टाइमशीटसह. राहिला मालक. नमुन्यासाठीच्या बहुतेक अनुदानांत प्रवर्तकाचा पगार बसत नाही, आणि यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरणाऱ्यासाठी निधी-ईआयआर हा वेगळा मार्ग आहे, त्यात इन्क्युबेटरमार्फत महिन्याला ३०,००० रुपयांपर्यंत मानधन मिळू शकतं. वर्षभर घर कशावर चालणार हे अर्जाआधी घरी बसून ठरवलेलं बरं.

बाहेरून करून घेतलेलं काम आणि चाचण्या. सर्किट डिझाइन, सॉफ्टवेअर, तज्ज्ञाचा सल्ला हे बसतं, पण सगळंच बाहेरून करून घेत असाल तर ‘मग तुमचं काय?’ असा प्रश्न येतो. चाचण्यांच्या खर्चावर मात्र कंजूषी नको. मिरजेच्या एखाद्या सतार करणाऱ्या कारागिराने पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याऐवजी फायबरचा तुंबा करून बघायचं ठरवलं, तर साचे, राळ आणि ध्वनीची चाचणी हा खर्च पूर्णपणे प्रयोगाचा आहे. वर्षभराच्या लाकडाचा साठा नाही. बेदाण्याच्या बाबतीत ओलावा, रंग, कीडनाशकांचे अंश यांचे अहवाल एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे असले की शेवटच्या सादरीकरणात फार बोलावं लागत नाही.

पेटंट वगैरे. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन पेटंट अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे आणि तपासणीच्या विनंतीची ४,०००. महाग पडतो तो मसुदा लिहिणारा एजंट. केंद्राची स्टार्टअप म्हणून मान्यता मिळालेल्या संस्थेच्या बाबतीत नेमून दिलेल्या सल्लागाराची फी केंद्राच्या योजनेतून सरकारच भरतं, त्यामुळे तो खर्च अनुदानातून मागायची गरजच उरत नाही. एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेत मिळालेल्या देशी पेटंटसाठी १ लाख, परदेशी पेटंटसाठी ५ लाख, डिझाइनला १५,००० आणि ट्रेडमार्कला १०,००० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती आहे. अर्ज दाखल करण्याआधी यंत्र प्रदर्शनात मांडू नका, नाहीतर नवेपणाच संपतो.

प्रवास आणि किरकोळ. दोन्हीला साधारणपणे मर्यादा असते. तासगावच्या शेडवर चाचणीला जाणं बसतं, ग्राहक शोधायला दिल्लीला जाणं नाही. किरकोळ म्हणजे ‘जे सुचलं नाही ते’. त्यात जेवणं आणि पेट्रोल कोंबलं की हिशेब तपासताना सगळ्यांत आधी तिथेच बोट ठेवतात.

जमीन, बांधकाम, वाहन, खेळतं भांडवल, जुनी देणी, व्याज, दंड, जाहिरात, वेबसाइट आणि विक्रीसाठीचं नेहमीचं उत्पादन यांचा विचारच सोडून द्या.

पाचवी पायरी : आकडे मांडा

वरच्या भागीदारांचं १० लाखांचं अंदाजपत्रक मी असं मांडेन. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे कोटेशनवरून काढा.

सेन्सर, कंट्रोलर, पंखे, केबल : १,९०,०००
चाचणी-रॅक आणि हवेचे मार्ग, फॅब्रिकेशन : २,६०,०००
सर्किट आणि सॉफ्टवेअर, बाहेरून : १,८०,०००
चाचणीची द्राक्षं, डिपिंगचं साहित्य : ६०,०००
प्रयोगशाळा चाचण्या : ७०,०००
सहायक, १५,००० प्रमाणे सहा महिने : ९०,०००
प्रवास : ४०,०००
पेटंटचा मसुदा आणि फी : ५०,०००
किरकोळ : ६०,०००

भागीदारी फर्म असेल आणि स्टार्टअपची मान्यता असेल तर पेटंटच्या ओळीतले बरेचसे पैसे वाचतात, ते चाचण्यांकडे वळवा. प्रत्येक ओळीशेजारी एक वाक्य हवं : हा खर्च प्रश्नाच्या कोणत्या भागाचं उत्तर देतो. ज्या ओळीला ते वाक्य सुचत नाही ती तुम्हीच काढा, समितीने काढण्यापेक्षा बरं.

मंजुरीनंतर एका हेडमधले पैसे दुसऱ्यात नेता येतात, पण आधी लेखी परवानगी घेऊन. फोनवरचं ‘चालेल हो’ हिशेबाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

सहावी पायरी : जीएसटी, आयकर आणि दुहेरी लाभ

जीएसटी नोंदणी असेल आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, घेणार असाल तर अंदाजपत्रक कराशिवायच्या रकमेवर करा. नोंदणी नसेल तर कर हा तुमचा खर्चच आहे, करासह मांडा. करासकट रक्कम अनुदानातून घेऊन वर तेच क्रेडिट रिटर्नमध्ये घेणं म्हणजे एकाच रुपयाची दोनदा वसुली. सरकारी अनुदान आयकरात साधारणपणे उत्पन्न धरतात, मालमत्तेच्या किमतीतून वजा होणारा भाग सोडून. सीएला मार्चमध्ये नाही, पहिला हप्ता येतानाच सांगा.

एकच बिल दोन योजनांना लावू नका. वेगवेगळ्या टप्प्यांसाठी दोन योजना घेता येतात, पण मर्यादा बघा. सीड फंडाच्या नियमाप्रमाणे आधी इतर केंद्र-राज्य योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेला स्टार्टअप अपात्र ठरतो. त्यात स्पर्धेतलं बक्षीस, सवलतीची जागा, संस्थापकाचं मासिक मानधन आणि प्रयोगशाळेचा वापर मोजत नाहीत.

सातवी पायरी : हप्ते, सीझन आणि कागद

पैसे एकदम येत नाहीत. टप्पा पूर्ण केला, हिशेब दिला की पुढचा हप्ता. दोन हप्त्यांमधले महिने स्वतःच्या खिशातून काढायची तयारी हवी, आणि ही रक्कम अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. बेदाण्याचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, हळदीची काढणी आणि शिजवणंही त्याच दिवसांत. हप्ता मे महिन्यात आला तर चाचणी पुढच्या वर्षावर जाते, मुदत मात्र चालू राहते. बायरॅकच्या इग्निशन ग्रँटसाठी १ जानेवारी आणि १ जुलैला अर्ज खुले होतात. निवडीत काही महिने जातात हे धरून, टप्प्यांच्या तारखा हंगामाशी जुळवून मगच अर्जात लिहा. हंगाम नसलेल्या महिन्यांत फॅब्रिकेशन आणि सर्किट, हंगामात चाचण्या.

पहिल्या दिवशी वेगळं बँक खातं उघडा. धंद्याच्या चालू खात्यात अनुदान घेतलं आणि तिथे कॅश क्रेडिटची वसुली लागली की निस्तरताना नाकीनऊ येतात. काही योजना त्यासाठी नो-लिअन खातंच मागतात, म्हणजे त्यावर बँकेला आपलं येणं वळतं करून घेता येत नाही. प्रत्येक खर्चाची फाइल करा : कोटेशन, खरेदी आदेश, बिल, चलन, बँकेची नोंद. बिलावर प्रकल्पाचं नाव हातानेच का होईना, लिहा. केंद्राच्या पैशाला सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ लागू असतात. त्यांच्या नमुना १२-ए मध्ये उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला, जातं. मधे इन्क्युबेटर असेल तर तो ते देतो, पण त्यासाठी तुमच्याकडून सीएच्या सहीचा खर्चतपशील मागतो. न खर्चलेली रक्कम परत करायची असते, आणि त्या खात्यावर मिळालेलं व्याजही.

आठवी पायरी : विचारायचं कुठे

संस्थेचा प्रकार आधी बघा. इथली अनेक वर्कशॉप एकल मालकीची आहेत आणि स्टार्टअपच्या मान्यतेत ती बसत नाहीत. खासगी मर्यादित कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. निधी-प्रयाससारख्या योजनेत मात्र व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो.

सबसिडी आणि उद्यम नोंदणीसाठी जिल्हा उद्योग केंद्र. तांत्रिक जोडीदार म्हणून सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, हळदीसाठी कसबे डिग्रजची संशोधन योजना, द्राक्ष-बेदाण्यासाठी पुण्याजवळच्या मांजरी गावचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. बायरॅकच्या अनुदानासाठी पुण्याचं व्हेंचर सेंटर जवळचं. जाताना पूर्ण अर्ज घेऊन जायची गरज नाही. प्रश्नाच्या दोन ओळी, हेडवार आकडे आणि चालू अर्जफेरीच्या मार्गदर्शक सूचनांची छापील प्रत न्या, त्यातल्या खर्चाच्या परिच्छेदावर शंका असेल तिथे पेन्सिलीने खूण करून. भेटीनंतर मिळालेली उत्तरं ईमेलने त्यांना परत पाठवा आणि ‘मला असं समजलं, बरोबर आहे ना?’ एवढं विचारून ठेवा.